झाकलेलं ताट

डॉक्टरीणबाईंनी लांब दांड्याचा लहान गोल आरसा स्पिरिटच्या दिव्यावर धरला आणि मग स्वतःच्या मनगटाला टेकवून पाहिला. फार गरम नव्हता. डाव्या हातातल्या कापडाच्या घडीत त्यांनी सखुबाईची जीभ धरली, हलकेच पुढे ओढली आणि आरसा आत घातला.

"आवाज काढा. आ म्हणा. लागणार नाही."

सखुबाईने आवाज काढला. करवंटीवर करवंटी घासावी तसा तो निघाला. दोन महिने ती हाच आवाज ऐकत होती, तरी परक्या खोलीत तो ऐकताना तिने डोळे मिटून घेतले. दाराशी उभ्या असलेल्या सगुणेने, तिच्या सुनेने, हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

डॉक्टरीणबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग आरसा बाहेर काढून त्यांनी तो पाण्याच्या भांड्यात ठेवला.

"गाठ नाही," त्या म्हणाल्या.

सगुणा तिथेच खाली बसली. मागच्या वर्षी गावातल्या एका माणसाच्या घशात गाठ निघाली होती. दिवाळीपासून घरात कोणी तो शब्द उच्चारला नव्हता.

"मंग आवाज कुठं जेला?" सखुबाईने विचारलं.

"आवाजाच्या पट्ट्या मागच्या बाजूने लाल झाल्यात. भाजल्यासारख्या. तुम्ही गाता का?"

उत्तर सगुणेने दिलं. "धवलारीन हाय ती. सात गावांची. तिच्याबिगर आमच्यात हलद लागत नाय."

डॉक्टरीणबाई पुण्याच्या. ठाण्यात दवाखाना घालून त्यांना चारच वर्षं झाली होती. त्यांनी तो शब्द पुन्हा विचारला. सगुणेने सांगितलं, की आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतात ते नंतर. त्याआधी हळदीपासून एकेक कार्य धवलारणीच्या गाण्यावर चालतं. ती आधी देवांना मांडवात बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ती सगळी आली की मगच हळद.

"आन वैशाखात आमच्याच घरचं लगीन हाय," सगुणा म्हणाली. "माज्या दिराचं. रघुचं."

डॉक्टरीणबाईंनी सखुबाईच्या छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवलं. "इथे जळतं?"

"जलतं ना. ते सगल्यांनाच जलतं."

"सगळ्यांना नाही जळत. कधी जळतं?"

"आडवी झाली का. आंबट पानी येतं इथवर." तिने गळ्याला हात लावला. "सकाली तोंड कडू."

"रात्री जेवता किती वाजता?"

सखुबाईने खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर एक टांगेवाला घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधत होता.

"होड्या आल्याव," सगुणाच म्हणाली. "भरतीवर हाय ते. कधी आठ, कधी धा."

"आणि झोपता कधी?"

"जेवली का पडते."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढून त्यावर एक पिशवी काढली आणि तिच्या तोंडाशी एक आडवी रेघ. पोटात अन्न जिरवणारं आम्ल असतं, त्याची पोटाला सवय असते, वरच्या नळीला नसते. मध्ये एक झडप असते. खाली जायला ती उघडते, वर यायला मिटते. तुमची सैल झाली आहे.

सखुबाईने रेघेवर बोट टेकवलं. "म्हंजे उघाडी."

"काय?"

"खाडीच्या बांधाला लाकडाची फली असती. पावसाचं पानी भायेर सोडती, भरतीचं खारं आत घेत नाय. फली सैल झाली का खारं पानी शेतान शिरतं. भात जलून जातं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हो. तेच. याहून बरं मला सांगता आलं नसतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "फळी मला बदलता येणार नाही. पण भरती कमी करता येईल आणि बांध उंच करता येईल."

बांध उंच करणं म्हणजे खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. भरती कमी करणं म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवण, तेही पोट अर्धं रिकामं ठेवून. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही, खाली वाकून काही करायचं नाही. मिसरी बंद, ताडी बंद. लाल तिखट आणि चिंच नको. कमरेला लुगडं आवळून नेसलं होतं, तिथे त्यांनी दोन बोटं घालून पाहिली आणि गाठ सैल करायला सांगितली. खडूसारख्या पांढऱ्या भुकटीच्या पुड्या दिल्या. आणि तीन आठवडे बोलणं बंद, कुजबुजणंसुद्धा.

"एक सांगते," त्या शेवटी म्हणाल्या. "जळजळीचं मी खात्रीने सांगते. आवाज त्याच्यामुळेच गेला, हा माझा तर्क आहे. पुस्तकात असं स्पष्ट कुठे वाचलेलं नाही. पण हे पाळून तुमचं नुकसान काही होणार नाही."

"वैशाखापातुर येल?" सगुणेने विचारलं. "घरचं लगीन, आन हिच्या तोंडातून नावं निघाली नाय, तर—"

सखुबाईने तिच्या दंडावर थाप मारली. गप. तिचं न बोलणं तिथूनच सुरू झालं.

घोडबंदर रस्ता सोडून खाडीकडे उतरलं की त्यांचं गाव. थोरला मुलगा काळुराम, सगुणेचा नवरा, ठाण्याच्या गिरणीत लागला होता, रघु मिठागरात जायचा. काळुरामने माळ्यावरून बापाची खाट काढली, तिचे पाय घासले, गिरणीच्या आवारातल्या पडक्या भिंतीच्या चार विटा मुकादमाला विचारून आणल्या. सखुबाई जन्मभर जमिनीवर वाकळ टाकून झोपलेली. पहिल्या रात्री ती घसरत घसरत पायथ्याशी आली.

"आये, उंद्या खाडीन गावशील," रघु म्हणाला.

ती हसली, पण आवाज न करता.

विहिरीवर बायका म्हणाल्या, सखू गप बसली म्हणजे आता काहीतरी आक्रीत होणार. पोरं मुद्दाम अंगणात येऊन तिला प्रश्न विचारायची आणि तिने हात उगारला की पळायची. तिने सगळं पाळलं. सकाळी उठल्यावर हात कोनाड्यातल्या मिसरीच्या डबीकडे जायचा. चौथ्या दिवशी तिने डबी सगुणेच्या हातात दिली आणि कुठेतरी लपव म्हणून खूण केली. ती नाचणीची भाकर आणि दुधी खाऊ लागली. बोंबलाचं कालवण सगुणा तिच्यापुरतं वेगळं काढी, नुसती हळद-मीठ घालून. रघुने ते एकदा चाखलं.

"ये कालवन हाय का जखमेवरचा लेप?"

सूर्य खाडीपलीकडच्या डोंगराला टेकायच्या आत ती जेवून उठायची. मग ओटीवर खांबाला पाठ लावून बसायची. बोलायचं नाही, गायचं नाही, वाकायचं नाही. इतका वेळ काही न करता ती कधी बसलेली नव्हती. समोर बांध, बांधापलीकडे मिठागरांचे चौकोन, त्यापलीकडे पाणी. पाणी काळं पडेपर्यंत ती पाहत राही.

आणि आठ वर्षं एकही दिवस न चुकता करत आली होती तसंच, स्वतःचं जेवण झालं की ती आणखी एक ताट वाढायची, त्यावर परात पालथी घालायची आणि ते चुलीशेजारी सरकवून ठेवायची.

ते लक्ष्मीचं. सखुबाईची मधली मुलगी, काळुरामच्या पाठची. आठ वर्षांपूर्वी चैत्रात ती गावातल्या आणखी दोघींबरोबर खाडीपलीकडच्या मिठागरात मीठ वाहायला गेली होती. परतताना वळणावर वाऱ्याने होडी उलटली. होडीवाला कान्हा पोहून आला. दुसऱ्या दिवशी होडी मिळाली, त्या दोघी मिळाल्या. लक्ष्मी मिळाली नाही. कान्हा दहा दिवस पार खाडीच्या तोंडापर्यंत शोधत फिरला. पुढे भावकीतल्यांनी सांगितलं, दिवस करून टाका. बापाने, आनंदाने, बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "पोर येल." त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही. दोन वर्षांनी आनंदाही गेला.

खाडीकाठच्या घरांतून एक रीत होती. घरातलं माणूस पाण्यावर असलं, तर सगळ्या होड्या लागेपर्यंत घरातली बाई जेवत नाही. त्याचं ताट झाकून ठेवते.

रोज तिन्हीसांजेला सखुबाई सगुणेला बांधावर पाठवायची. ती परत आली की विचारायची, "होड्या आल्या?" आता बोलायला बंदी, म्हणून ती नुसती हनुवटी उचलायची.

"आल्या, आत्या."

मग सगुणा भांडी घासायला मागच्या दारी जायची. ती आत यायची तेव्हा परात खुंटीवर टांगलेली असे आणि ताट धुतलेलं.

माघात शेजारच्या गावची मनुबाई आली. तीही धवलारीण, सखुबाईहून दोन-तीन वर्षांनी लहान. दोघी पोरी असताना एकाच म्हातारीकडून शिकल्या होत्या आणि तेव्हापासून एकमेकींना टोचत आल्या होत्या. ती पाय पसरून ओटीवर बसली.

"वा गं! सखू गप बसलेली बघाया मिललं. आता मेली तरी चालन."

सखुबाईने तिच्यापुढे पानाचा डबा सरकवला.

"काळुराम आलता माज्याकडं. बोलला, आयेचा आवाज नाय आला तर तुना गावा लागल. मी बोलले, गान. पन माजा आवाज ऐकून तुजा नवरा मांडवातून उठून जेला तर माज्यावर नाय." ती पान लावू लागली. "मना नावं सांग. तुज्या घरची मना पाठ नाय."

सखुबाईने सगुणेला खूण केली. सगुणा एकेक नाव सांगू लागली आणि मनुबाई उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा सरकवू लागली. आजेसासरा गणू. सासरा परशुराम. सासू शकू. नवरा आनंदा.

"चार," मनुबाई म्हणाली. अंगठा पुढच्या पेरावर जाऊन थांबला. तिने सखुबाईकडे पाहिलं. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "आन लक्ष्मी? घेऊ?"

सखुबाईने मान हलवली. हलवली म्हणजे डावीकडे वळवली, आणि ती तिथेच बांधाच्या दिशेने राहिली. नाही म्हणाली, की नुसतीच तिकडे पाहू लागली, ते मनुबाईला कळेना. तिने पेरावरचा अंगठा काढून घेतला आणि पान तोंडात घातलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी आरसा पुन्हा गरम केला, पुन्हा मनगटाला लावून पाहिला. या वेळी त्यांनी आधीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग कागद काढून मागच्या वेळी लिहिलेलं वाचलं.

"फरक नाही," त्या म्हणाल्या. "थोडा असायला हवा होता. मिसरी?"

सगुणेने पदराच्या गाठीतून डबी काढून दाखवली. भरलेली होती.

"ताडी? तिखट? विटा ठेवल्या? जेवण मावळतीच्या आत?"

प्रत्येक प्रश्नाला सखुबाईने मान डोलावली. ती खोटं बोलत नव्हती. डॉक्टरीणबाईंनाही तसं वाटलं नाही, आणि म्हणूनच त्या पेनचं टोपण उघडझाक करत राहिल्या. आपला तर्कच चुकला असावा, असं त्यांनी मनाशी धरायला सुरुवात केली होती.

"मी बोलू?" सगुणा म्हणाली. ती सासूकडे न पाहता जमिनीकडे पाहत होती. "आत्या दोनदा जेवते."

सखुबाईने झटकन मान वळवली.

"दिवसाउजेडी तिचं जेवते. मंग होड्या आल्याव झाकलेलं ताट काढते, ते पन खाते. सगलं. सुकट, भात, लाल चटनी. मी भांडी घासताना फटीतून दिसतं."

मग तीन आठवड्यांनी सखुबाईच्या तोंडून शब्द आले, खरखरीत आणि तुटक.

"ते माजं जेवान नाय. ते लक्ष्मीचं हाय."

सगुणेने मग लक्ष्मीचं सांगितलं, चार वाक्यांत. ती स्वतः त्या घरात आली ती लक्ष्मी गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. तिने लक्ष्मीला पाहिलेलं नव्हतं.

"अन्न टाकायचं नाय," सखुबाई म्हणाली. "ज्यानं झाकलं त्यानं खायाचं. आमच्यात तशीच रीत हाय." ती डॉक्टरीणबाईंना समजावत होती, जशी उघाडी समजावली होती. "तुमी बोलल्या, तुमचं जेवान मावलतीच्या आत. माजं मी मावलतीच्या आतच जेवतंय."

"जळजळ किती वर्षांची?"

सखुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. कागदावर मात्र त्यांनी एक आकडा लिहिला.

"ताट ठेवू नका, असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "ते माझ्या अखत्यारीतलं नाही. पण ते तुम्ही खायचं नाही. एवढंच."

"मंग कोन खाईल?"

डॉक्टरीणबाईंनी पेनला टोपण लावलं. "ते तुम्ही ठरवा."

त्या संध्याकाळी होड्या लागल्या. सगुणा बांधावरून परत आली आणि भांड्यांकडे गेली नाही. सखुबाई चुलीपाशी बसली होती, पालथ्या परातीवर तळहात ठेवून. घासलेली परात चुलीच्या उबेने कोमट झाली होती.

सगुणा तिच्यासमोर बसली. "मी खाते, आत्या."

बराच वेळ हात हलला नाही. मग सखुबाईने परात उचलली आणि ताट दोन बोटांनी सुनेकडे सरकवलं. सगुणेने पहिला घास घेतला. सासू तिच्या हाताकडे पाहत होती. भात कसा कालवते, सुकट भातात दाबते की वेगळी खाते, चटणी किती घेते. लक्ष्मी आज असती, तर सगुणेच्याच वयाची असती. सगुणेने ताट पुसून घेतलं आणि उठून पडवीत गेली, जिथे ती झोपायची.

तेव्हापासून तसंच चाललं. सखुबाई मावळतीला जेवायची, ताट झाकायची. होड्या आल्या की सगुणा खायची आणि दिवसभर राबलेली, लगेच पडायची. बारा दिवसांत सखुबाईची छाती जळायची थांबली. विसाव्या दिवशी सकाळी तोंड कडू नव्हतं. होळीला गावाने ताडी प्यायली, ती पाणी पीत बसली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिने कोणाला तरी हाक मारली आणि हाक पलीकडच्या आळीपर्यंत गेली. बायका बादल्या धरून तिच्याकडे वळल्या.

"आली गो बाय परत," कोणीतरी म्हणालं. "आता आमची खैर नाय."

चैत्र लागला. एका सकाळी सखुबाई परसात गेली, तर सगुणा गोठ्याच्या आडोशाला वाकून थुंकत होती. पुन्हा थुंकली. मग सरळ होऊन तिने छातीच्या मधल्या हाडावर मूठ ठेवली आणि खालून वर, खालून वर चोळली. दुसऱ्या हातात पांढऱ्या भुकटीची पुडी होती.

ते मूठ फिरवणं कशाचं, हे सखुबाईला कोणी सांगायची गरज नव्हती. ती आठ वर्षं तेच करत आली होती.

"कधीपासून?"

सगुणा दचकली. "काय नाय, आत्या. जरा आंबट आलतं."

"कधीपासून गो?"

"होलीपासून." तिने पुडी पदराखाली घेतली. "रघुचं लगीन पार पडू दे. मंग बघू."

सखुबाई तिच्याकडे पाहत उभी राहिली. मग गोठ्यात गेली, गाईला वैरण टाकली, थोड्या वेळाने आणखी टाकली. दिवसभर ती कोणाशी बोलली नाही, आणि आता तर बोलायला कोणाची मनाई नव्हती.

ऊन कलल्यावर तिने भात उतरवला. दोन ताटं घेतली. दोन्हींत भात वाढला, दोन्हींत बिनतिखटाचं कालवण. परात खुंटीवरच राहिली.

"सगुना. बस."

सगुणेने दाराबाहेर पाहिलं. सूर्य अजून हातभर वर होता. काळुराम गिरणीतून यायचा होता, रघु मिठागरातून. "पुरुष आलं नायत अजून. होड्या पन—"

"बस गो. भात निवतो."

सगुणा बसली. पुरुषांच्या आधी तिने त्या घरात कधी जेवण केलं नव्हतं. पहिले काही घास ती दाराकडे पाहत जेवली. मग भात गरम आहे, हे तिच्या लक्षात आलं. सखुबाई जेवून उठली, हात धुतले, ओटीवर जाऊन खांबाला टेकून बसली. चुलीशेजारची जागा रिकामी होती. तिने त्या रात्री विचारलं, "होड्या आल्या?" सगुणा म्हणाली, "आल्या." मग सखुबाईने काहीच केलं नाही. करायला काही नव्हतं. खूप वेळ ती तशीच बसून राहिली. ते बसणं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या तीन तासांहून लांबलं.

वैशाखात, हळदीच्या दिवशी सकाळी, अंगणात मांडव घातला. काळुराम शिडीवर चढून आंब्याच्या डहाळ्या बांधत होता. रघु पाटावर बसला होता, खांदे आवळून. मनुबाई आली होती, पाहुणी म्हणून आणि मागे सूर धरायला. "आवाज अडकला तर माज्याकडं बघ," ती सखुबाईच्या कानात म्हणाली. "मी हाय."

सखुबाई बसली. लुगड्याची कमरेची गाठ तिने सैल केली, आता ती सवयच झाली होती, आणि सुरुवात केली.

आवाज पूर्वीचा नव्हता. थोडा खाली उतरला होता, कडेला किंचित खरवडलेला. पण तो कुठे फाटला नाही. तिने गावदेवीला बोलावलं, एकवीरेला बोलावलं, खंडोबाला बोलावलं. भोवती बसलेल्या बायका प्रत्येक नाव तिच्यामागून उचलत होत्या. मग घरातली गेलेली माणसं. गणू, या. परशुराम, या. शकू, ये. आनंदा, ये, तुझा लेक पाटावर बसला आहे.

चार झाली. मनुबाईने हळदीच्या ओळीसाठी श्वास घेतला. सखुबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मनुबाईने तो श्वास तसाच सोडला.

मांडवात पाखरांचा आवाज येत होता. सखुबाई बांधाकडे पाहत नव्हती. तिची नजर समोरच्या हळदीच्या वाटीवर होती. त्याच संथ चालीत, बाकीच्या नावांना लावला होता तोच सूर लावून, ती म्हणाली, की लक्ष्मी, आनंदाची लेक, तू ये. तुझ्या भावाला हळद लागते आहे.

बायकांनी नाव उचललं नाही. त्यांना ते उचलायचं की नाही, ते कळेना. मग मागून, चुलीच्या बाजूने, एकच पातळ आवाज आला. सगुणेचा. त्यानंतर मनुबाईचा, आणि मग सगळ्यांचे. शिडीवर काळुरामच्या हातातली डहाळी सुटून खाली पडली. तो उतरला, डहाळी उचलली, आणि पाठ वळवून ती पुन्हा बांधायला घेतली. त्याला गाठ बसवायला बराच वेळ लागला. रघुने मान खाली घातली होती. सखुबाई पुढच्या ओळीवर गेली होती.

संध्याकाळी अंगणात पंगतीची तयारी चालली होती. मोठ्या टोपात मटण शिजत होतं, पोरं टोपाभोवती घिरट्या घालत होती. कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं. गर्दीतून वाट काढत सगुणा ओटीवर आली. तिच्या हातात एक ताट होतं, त्यात भात, दुधी आणि थोडं कालवण.

"दिवस हाय तवर जेव, आत्या."

सखुबाईने ताट मांडीशी घेतलं. ऊन मिठागरांवरून सरकत होतं. मिठाच्या राशी एका बाजूने पिवळ्या दिसत होत्या. सगुणा कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. मग सवयीने, कोणी न विचारता, म्हणाली,

"होड्या आल्या."

"मी कुठं इचारलं?" सखुबाई म्हणाली. तिने भाताचा एक घास कालवला आणि बसल्या जागी थोडी बाजूला सरकली. "तुजं ताट घेऊन ये. बस."